तासाचा भाव

*'ताई, मी २६ वर्षांची. बी.कॉम. झालंय. आमचं गाव मालवण तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. माडाच्या वाडीत बाबांनी चार खोल्या बांधल्यात, तिथे आम्ही पाहुणे घेतो. बुकिंग, हिशेब, सकाळचे घावणे, दुपारची थाळी, चादरी बदलणं हे सगळं माझ्याकडे. मदतीला आई आणि एक बाई. दादा बोटीवर असतो. मागच्या मे महिन्यात पुण्याची एक मुलगी आमच्याकडे एकटीच राहायला आली होती. ती ऑस्ट्रेलियाला वर्षभर जायचं म्हणत होती. मिळेल ते काम करायचं, उरलेल्या वेळात देश बघायचा, त्यासाठी वेगळा व्हिसा असतो म्हणाली. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. बाबा म्हणतात, लग्नाचं वय, एकटी मुलगी, लोक काय म्हणतले. शिवाय 'मे महिन्यात इथे कोण बघणार?' हेही असतंच. आई काहीच बोलत नाही. मुंबईतला एक एजंट म्हणतो, दीड लाख ॲडव्हान्स द्या, नाव नक्की काढून देतो. माझ्याकडे एक लाख ऐंशी हजार साठलेत. मैत्रीण म्हणते, कशाला एवढी यातायात, टुरिस्ट म्हणून जा आणि हॉस्टेलात काम करून फुकट राहा. मी जाऊ का? की हे नुसतं वेड आहे?'*

*– नाव छापू नये, ता. मालवण*

प्रिय मुली,

वेड वगैरे काही नाही. पण तुमच्याकडे सध्या बाजारात तुरी असा प्रकार चाललाय. सोडतीतल्या ज्या चिठ्ठीवरून घरात धुसफूस सुरू आहे ती अजून निघालेलीच नाही, म्हणून आधी चिठ्ठीचं सांगते.

तू म्हणतेस तो ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, सबक्लास ४६२. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला, त्यात आपल्या मुलामुलींसाठी वर्षाला १,००० जागा ठरल्या. वय १८ ते ३० पूर्ण, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि खात्यात ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, शिवाय परतीच्या तिकिटाची सोय. पण हे सगळं असलं तरी थेट अर्ज करता येत नाही. आधी २५ डॉलर भरून सोडतीत नाव घालायचं. पहिली सोडत ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली आणि पहिल्या पंधरवड्यातच चाळीस हजारांच्या घरात नावं पडली. एका जागेमागे चाळीस जणं धरून चाल.

ही नावं संगणक काढतो, वशिल्याशिवाय आणि गुणांशिवाय. म्हणजे तुझा एजंट काय विकतोय ते बघ. तुझं नाव आपोआप निघालं तर 'बघा, काढून दिलं' म्हणेल, नाही निघालं तर फोन उचलणार नाही. पंधराएकशे रुपयांचं काम, तेही तुझ्याच मोबाईलवर होणारं. त्यासाठी पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं, बाकी काही नाही. त्या माणसाचा नंबर ब्लॉक कर आणि पुढे वाच.

मला तुझ्या पत्रात दुसरीच एक गोष्ट खटकली. चार खोल्या, बुकिंग, घावणे, थाळी, चादरी, हिशेब. कामाची एवढी यादी तू दिलीस, पण पगार किती घेतेस ते कुठेच नाही. साठलेले एक लाख ऐंशी हजार कुठून आले तेही नाही. माझा अंदाज सांगू? भाऊबीज, वाढदिवस, पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेले, आणि आईने डब्यातून काढून दिलेले. बरोबर ना?

आपल्याकडे घरच्या धंद्यात राबणाऱ्या मुलीला कोणी कामगार म्हणत नाही. 'घरचंच तर आहे' म्हणतात. दादा बोटीवर असतो, त्याचा पगार आकड्यात असतो, तो सहा महिने कुठल्या बंदरात कोणाबरोबर आहे हे तुमच्या वाडीत कोणी विचारत नाही. तुझं काम मात्र आकड्यात नाही. म्हणूनच बाबांना तुझ्या जाण्याची अडचण नीट सांगता येत नाही असं मला वाटतं. ते लग्न म्हणतात, लोक म्हणतात. खरा घास अडकतो तो 'मे महिन्यात कोण बघणार' या वाक्यापाशी. तुझ्या जागी माणूस ठेवायचा तर त्याला पैसे द्यावे लागतील, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात लख्ख आहे. तोंडावर येत नाही एवढंच. त्यांना मी वाईट म्हणत नाही. चार खोल्यांचं कर्ज डोक्यावर असेल, मेच्या आणि नाताळाच्या गर्दीवर वर्ष काढायचं असेल, तर कोणीही हेच करेल.

म्हणून पहिलं काम ऑस्ट्रेलियाचं नाही. तुमच्याच पंचक्रोशीतल्या दोन-तीन हॉटेलांत विचारून ये, की बुकिंग आणि स्वयंपाकघर दोन्ही सांभाळणारं माणूस महिन्याला काय घेतं. मग एखाद्या दिवशी पाहुणे गेल्यावर हिशेबाची वही घेऊन बाबांसमोर बस. भांडायला नको, सांगायला बस. या सीझनपासून इतका पगार माझ्या खात्यात, आणि सीझनभर हाताखाली एक मुलगी ठेवायची, गावातली किंवा नात्यातली, पगार देऊन. तिला मी तयार करते. पाहुण्यांशी फोनवर कसं बोलायचं, ॲडव्हान्स आल्याशिवाय खोली का धरायची नाही, शाकाहारी किती हे आदल्या रात्रीच का विचारायचं, हे सगळं आत्ता तुझ्या डोक्यात आहे, ते वहीत उतरव. पुढच्या मे महिन्यात तू मालवणात असलीस काय नि मेलबर्नला असलीस काय, घर चाललं पाहिजे. एवढं झालं की बाबांच्या 'नाही'तलं अर्धं बळ जाईल. उरलेलं अर्धं लग्नाचं. त्यावर एकच सांगते: 'जाऊन आले की सांगाल तिथे करीन' असा सौदा अजिबात करू नकोस. वर्षभर तिथे राहशील आणि रोज त्या वाक्याचं व्याज मोजत बसशील.

दुसरं, हा पगार फक्त बाबांसाठी मागायचा नाहीये. स्वतःच्या तासाला भाव असतो हे ज्याला घरात कळत नाही, त्याला परक्या देशात कोणीही गुंडाळतं.

माझंच सांगते. १९८७ साली वेंगुर्ल्याहून रात्रीच्या एसटीने मुंबईला नोकरीसाठी निघाले. आई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. परकराच्या नेफ्याची शिवण उसवली, शंभराच्या दोन नोटांची सुरळी आत सरकवली आणि वरून बारीक धावदोरा घातला. 'हे खर्चायचे नाहीत,' एवढंच म्हणाली. पहिल्या नोकरीत मालकाने माझी मूळ गुणपत्रिका 'फाइलला लावतो' म्हणून ठेवून घेतली. पहिला महिना पगार नाही, दुसरा नाही, तिसऱ्या महिन्यात म्हणाला, तू तर अजून शिकतेयस, पगार कसला? मला तेव्हा खरंच वाटलं की बरोबर आहे, मी अजून शिकतेयच! त्या दोन नोटा नसत्या तर मी आणखी वर्षभर तिथे शिकत राहिले असते. नेफा उसवला, दुसरी नोकरी लागेपर्यंत त्यावर जेवले. गुणपत्रिका परत मिळवायला मात्र मामाला जाऊन बसावं लागलं.

म्हणून तुला सांगते, पासपोर्ट कोणाच्या फाइलला लावायचा नाही. तिथे मालकाला तो ठेवून घ्यायचा हक्क नाही. आणि परतीच्या तिकिटाचे पैसे तुझ्या एकटीच्या नावावरच्या खात्यात, न हलवता. आता नेफा नाही, पण खातं आहे.

आता तिथल्या तासाचा भाव. ऑस्ट्रेलियात किमान वेतन कायद्याने ठरतं. १ जुलै २०२५ पासून ते तासाला २४.९५ डॉलर होतं, आणि दर जुलैत नवा आकडा लागतो. तू बहुधा कॅज्युअल म्हणून लागशील, म्हणजे सुट्टी-आजारपणाचे पैसे नाहीत, त्याबदली पंचवीस टक्के वर. आकडा ३१ डॉलरच्या पुढे जातो. रुपयांत गुणून हुरळू नकोस, कारण तिथे खोलीचं भाडं आणि साधी कॉफीसुद्धा डॉलरातच असते. गेल्या गेल्या टॅक्स फाइल नंबर काढायचा. मालक तिथल्या कर खात्याकडे नोंदणीकृत असेल तर या व्हिसावाल्यांना पहिल्या ४५,००० डॉलरवर १५ टक्के कर. मालक तुझ्या नावाने निवृत्तीची रक्कमही भरतो, ती देश सोडताना मागता येते, पण त्यातले ६५ टक्के सरकार कापून घेतं. उरेल ते देव पावला समजून घे. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांच्या वर काम करता येत नाही, हेही लक्षात असू दे.

कोणी 'रोखीत देतो, जरा कमी घे' म्हणालं, किंवा खात्यात पूर्ण पगार टाकून त्यातला काही परत मागितला, तर तिथून निघ. तक्रारीला फेअर वर्क ऑम्बड्समन नावाचं सरकारी कार्यालय आहे, फोन १३ १३ ९४. लिहून ठेव. आणि आधीपासून स्वतःच्या वहीत रोजचे तास लिही, तारीख घालून. हिशेबाची सवय तुला आहेच.

फळं तोडायच्या कामाला गेलीस तर तुला थोडं हसू येईल. उत्तरेला डार्विन, कॅथरीन, तिकडे क्वीन्सलँडात बोवेन, हा सगळा आंब्याचा मुलूख. त्यांचा सीझन आपल्या उलटा, सप्टेंबरपासून नाताळाच्या आसपास. जात वेगळी, पण चीक तोच. देठ मोडला की पिचकारी उडते आणि अंगावर चट्टे उठतात, त्यामुळे नवख्यांची तिथे फार दैना होते. तू झेल्याने आंबे उतरवताना पाहिलेच असतील, लांब बाह्या आणि हातमोजे घालायला तुला कोणी सांगायला नको. ऊन मात्र जपून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅथरीनला पारा चाळिशीला टेकतो. अशा बागांत पूर्वी नुसत्या पेटीवर, उक्त्या दराने पैसे मिळत आणि नवखी मुलं दिवसभर राबून खोलीभाडंही काढू शकत नसत. २८ एप्रिल २०२२ पासून नियम झाला, उक्तं काम असलं तरी तासाचं किमान वेतन द्यावंच लागतं. हे न सांगणारे कंत्राटदार भेटतील. तू त्यांना सांग.

पण तुझं खरं भांडवल आंबा नाही, त्या चार खोल्या आहेत. खोल्या लावणं, न्याहारी, पाहुण्यांची कटकट हसून झेलणं, याला तिकडे मागणी आहे. शिवाय उत्तरेकडच्या आणि आडबाजूच्या ठरवून दिलेल्या भागात पर्यटन-हॉटेलाचं काम दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी धरलं जातं. पहिल्या वर्षात असं तीन महिन्यांचं काम पुरं केलं की दुसरं वर्ष मागता येतं, पुन्हा सोडतीत जायला लागत नाही. त्यासाठी पगारपत्रकं जपून ठेवायची. आणि इथून जाताना घरच्या धंद्याचं अनुभवपत्र कर. कोणती कामं, किती वर्षं, किती खोल्या. बाबांची सही घे. ती सही करताना तेही एकदा वाचतील.

मैत्रिणीच्या सल्ल्यावर फार शाई घालवत नाही. टुरिस्ट व्हिसावर काम करणं म्हणजे व्हिसा मोडणं, आणि 'पगार नाही, नुसतं राहणं-जेवण' असलं तरी बऱ्याच देशांत ते कामच धरतात. पकडलं तर परत पाठवतात, पुढचे व्हिसाही अडतात. आणि बिनपगारी, राहून-जेवून काम तर तू आत्ताही करतेसच की. त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला?

एकाच सोडतीवर डोळे लावून बसू नकोस. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना आहे, २०२३ पासून, भारतीयांना वर्षाला ३,००० जागा, दोन वर्षं राहता येतं, वय तेच १८ ते ३०. त्याला पदवी लागते, ती तुझ्याकडे आहे. सोडत वर्षातून दोनदा, जेमतेम दोन दिवस उघडी असते आणि नाव घालायला पैसे नाहीत. नंतर मात्र खिसा कापला जातो: खात्यात २,५३० पौंड दाखवायचे, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, दोन्ही वर्षांचा आगाऊ, आणि व्हिसाची फी वेगळी. मी तुझ्या जागी असते तर दोन्हीकडे नाव घातलं असतं, पण मन ऑस्ट्रेलियात ठेवलं असतं. खर्च कमी, आणि तुझ्या हातातल्या कामाला तिथे जास्त वाव.

पैशांचं सरळ सांगते. ५,००० डॉलर म्हणजे आजच्या भावाने तीन लाखांच्या आसपास, वर व्हिसाची फी, परीक्षा, तिकीट. तुझ्याकडे आहेत त्याहून बरेच जास्त लागतील. आईची पाटली गहाण ठेवून जायचं नाही, आणि व्याजाने तर नाहीच. कर्ज काढून गेलेला माणूस पहिल्या वाईट मालकाला 'नाही' म्हणू शकत नाही. म्हणून या सीझनचा पगार. यंदा नाव घाल, निघालं तर बघू, नाही निघालं तर पुढच्या वर्षी घाल. तुला तिसावं सरेपर्यंत वेळ आहे.

तोवर कागद. नाव निघालं की अर्ज भरायला २८ दिवस मिळतात आणि आपल्याकडे २८ दिवसांत एक दाखला निघत नाही. तुझं पदवी प्रमाणपत्र कॉलेजातून उचललंस का? आपली निम्मी मुलं गुणपत्रिकेवर भागवतात आणि प्रमाणपत्र कपाटात पडून राहतं. पासपोर्टवर आणि पॅनवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का? वडिलांचं नाव मध्ये की शेवटी, आडनावात 'ई' की 'आय', यावर माणसं अडकली आहेत. शाळा मराठी माध्यमाची असेल तर इंग्रजीची परीक्षा आत्ताच देऊन टाक. फार वरचे गुण लागत नाहीत, तू पाहुण्यांशी जेवढं बोलतेस त्याच्यात थोडी भर घातलीस की झालं. आणि आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढ, बागांच्या गावांना बस-बिस फारशी नसते. फक्त संध्याकाळच्या अंधारात गाडी हाणू नकोस, रस्त्यावर कांगारू येतात.

आता 'एकटी मुलगी'. यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुमच्याकडे एकट्या आलेल्या मुली खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा काय बघतात? कडी. मग खिडकी, मग बाहेरचा दिवा, मग बाथरूमचं दार आतून लागतं का. समुद्र त्यानंतर. तूही तेच कर. पहिल्या आठवड्याची जागा इथूनच ठरव, फक्त मुलींच्या खोलीत. विमान शक्यतो उजेडी उतरणारं घे. कामाच्या गावी जाण्याआधी मालकाचं नाव, पत्ता, व्यवसाय नोंदणी क्रमांक दादाला पाठव. बोटीवर असला तरी त्याला इंटरनेट असतं, आणि त्याला या आयुष्याची कल्पना घरात सगळ्यांत जास्त आहे. तो तुझ्या बाजूने बोलेल असं मला वाटतं, विचारून तर बघ. संकटात फोन ०००, तीन शून्यं. आणि एक तुझ्यासारखीला मुद्दाम सांगते: तारकर्लीची सवय तिथे चालवायची नाही. उत्तरेच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात आणि उन्हाळी महिन्यांत जीव घेणारे जेलीफिश. पाटी बघितल्याशिवाय घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा उतरू नकोस.

कंटाळा येईल. तिसऱ्या महिन्यात रडूही येईल, बहुतेक एखाद्या रविवारी, कपडे धुताना. त्याला उपाय नाही, ते येऊन जातं. देश बघायचा राहून जाईल अशी भीती वाटेल, कारण पहिले महिने नुसतं काम आणि भाडं. म्हणून महिन्याचा पगार आला की त्यातला थोडा फिरायचा म्हणून वेगळा काढ, नाहीतर वर्ष संपेल आणि तू बाग ते खोली एवढंच ऑस्ट्रेलिया बघून येशील.

निघायची घाई नको. व्हिसा मंजूर झाल्यापासून बारा महिन्यांत कधीही शिरता येतं आणि तुझं वर्ष तिथे पाय ठेवल्या दिवसापासून मोजतात. चतुर्थी घरी कर, गौरी जेवू देत, मग जा. आंब्याचा सीझनही साधेल.

राहता राहिली आई. तिला कोणी विचारलंय का, तिला काय वाटतं? तू एकटीनेच विचार, रात्री भांडी आवरताना. जायचं ठरलं की ती पिशवीत डबे भरायला घेईल. आमसुलं आणि मालवणी मसाला घे, पण विमानातल्या कार्डावर खाण्याचं सामान आहे असं लिहायचं, लपवायचं नाही, तिथला दंड मोठा असतो. ताजं फळ, असोला नारळ, आंब्याची बाठ काही नको, कितीही आग्रह केला तरी. आणि गेल्यावर तिला वेगळा फोन करत जा, बाबा वाडीत पाणी लावायला गेलेले असतील त्या वेळी.

– तुझी ताई